पिकअपला लिफ्ट किट घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिफ्ट किट म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा वर उचलणाऱ्या स्प्रिंग, शॉकअप आणि पाट्यांचा संच. खासगी वापरासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घ्यायची म्हटली की आपल्याकडे मुख्यतः दोन नावं पुढे येतात. एक २०१६ साली भारतात आलेली इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि दुसरी २०२२ साली आलेली टोयोटा हायलक्स. दोन्हींची रचना सारखीच आहे. पुढे दोन्ही चाकं स्वतंत्र, शॉकअपवर चढवलेली गोल स्प्रिंग. मागे सरळ ॲक्सल आणि पाटे. त्यामुळे खालची बहुतेक उत्तरं दोन्ही गाड्यांना लागू पडतात. आकडे मात्र व्ही-क्रॉसचे घेतले आहेत, कारण सर्वांत जास्त प्रश्न तिच्याबद्दलच येतात.

माझ्या गाडीला लिफ्ट खरंच लागते का?

आधी गाडी अडते कुठे ते बघा. व्ही-क्रॉसचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर, २२५ मिलिमीटर आहे. शेताकडे जाणारी गाडीवाट, ताम्हिणी किंवा वरंधा घाटातला उखडलेला रस्ता, कोकणातली जांभ्याची चढण यांना तो पुरतो. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतते तेव्हा नव्वद टक्के वेळा दोष टायरचा असतो. हायवेचे टायर चिखलानं भरून गुळगुळीत होतात आणि जागच्या जागी फिरतात. अशा गाडीला लिफ्ट केली तर ती दोन इंच उंच होऊन तिथेच रुतते. तुमची अडचण ही असेल तर पैसे चांगल्या ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांच्या) टायरवर घाला आणि लिफ्टचा विचार पुढे ढकला.

लिफ्टचा खरा उपयोग होतो तो पोट घासतं तेव्हा. पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असतो, व्ही-क्रॉसचा ३०९५ मिलिमीटर. बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि मधला भाग बांधावर टेकतो. साधी भूमिती मांडली तर ५० मिलिमीटर लिफ्टनं हा मधला कोन साधारण साडेतीन अंशांनी वाढतो. ऐकायला कमी वाटतं, पण बांधावर टेकणं आणि सुटणं यातला फरक एवढाच असतो. दुसरं कारण म्हणजे मागे कायम वजन असल्यानं पाटे बसलेले असणं. आणि तिसरं, मोठ्या टायरला जागा करणं.

लिफ्ट केल्यावर नेमकं काय काय वर जातं?

चॅसी, बॉडी, इंजिन, चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं), गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) आणि पुढचं डिफरन्शियल (ती ताकद डाव्या-उजव्या चाकांना देणारा गिअरचा गोळा). पुढचं डिफरन्शियल चॅसीला बांधलेलं असल्यामुळे तेही उचललं जातं.

मागचं डिफरन्शियल मात्र जिथे होतं तिथेच राहतं. ते ॲक्सलमध्ये असतं, ॲक्सल चाकांवर उभा असतो, म्हणून तो गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. मधोमध दगड असलेल्या वाटेवर लिफ्ट केलेली गाडीही मागच्या गोळ्यावर आपटते ती यामुळेच.

किती लिफ्ट करावी? दोन इंच, तीन इंच, चार इंच?

४० ते ५० मिलिमीटर. यापेक्षा जास्त मागणाऱ्याला मी स्पष्ट नाही म्हणतो. पुढची चाकं आर्मवर, म्हणजे चॅसीला बिजागरीसारख्या जोडलेल्या दांड्यांवर, टांगलेली असतात. गाडी जितकी वर उचलाल तितके आर्म खाली झुकतात. ५० च्या आसपास पोहोचलं की एकाच वेळी तीन ठिकाणी ताण येतो. ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाक वर-खाली झालं, वळलं तरी त्याला ताकद पोहोचवणाऱ्या जोडाचा) कोन वाढतो, वरचा बॉल जॉइंट त्याच्या मर्यादेजवळ जातो आणि चाक पूर्ण लोंबकळलं की वरचा आर्म स्प्रिंगला टेकू लागतो. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर उडालेले सीव्ही जॉइंट बहुतेक तीन इंच लिफ्टवाल्या गाड्यांत दिसतात.

चार-सहा इंची किट जगात मिळतात, पण त्यांत पुढचं सगळं सस्पेन्शन नवीन ब्रॅकेटवर खाली उतरवावं लागतं. काही किटमध्ये चॅसीचे मूळ ब्रॅकेट कापावे लागतात. रोज चालवायच्या गाडीचं ते काम नाही.

मग किट निवडायचं कशावरून?

वजनावरून. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

उंची सगळेच विचारतात, वजन कोणी सांगत नाही. स्प्रिंग म्हणजे ठरावीक वजनाखाली ठरावीक उंचीवर उभं राहणारं पोलाद. किटवर ‘४० मिलिमीटर लिफ्ट’ लिहिलेलं असतं ते एका गृहीत वजनासाठी. जड बंपर आणि विंचसाठी (दोरानं गाडी ओढून काढणाऱ्या यंत्रासाठी) बनवलेली स्प्रिंग मूळ बंपरच्या गाडीला लावली तर गाडी पुढून ७० मिलिमीटर वर जाईल, नाक आकाशाकडे, आणि प्रत्येक खड्ड्यात खाडकन आवाज. उलट, हलकी स्प्रिंग जड गाडीला लावली तर सहा महिन्यांत गाडी मूळ उंचीवर येऊन बसेल आणि तुम्ही किटला दोष द्याल.

म्हणून किट मागवण्याआधी गाडी भुईकाट्यावर न्या. साखर कारखाना, मार्केट यार्ड, वाळूचा डेपो, कुठलाही चालेल. नेहमी जसे फिरता तशी गाडी भरा: टाकी फुल, हत्यारांची पेटी, कॅनोपी (हौद्यावरचं टप) असेल तर ती, मागची माणसं. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, मग फक्त मागची. तीन पावत्या घ्या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर किती किलो येतात हे या तीन कागदांवर लिहिलेलं असतं आणि किट विकणाऱ्याला हेच आकडे द्यायचे असतात. तो हे आकडे न विचारता किट पाठवायला निघाला तर दुसरा विक्रेता शोधा.

त्याच दिवशी टेप घेऊन चारही चाकांच्या मधोमध, हबच्या केंद्रापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात मिसळते. फिटिंगनंतर पुन्हा मोजलं की लिफ्ट खरी किती मिळाली ते कळतं, आणि डावी-उजवीकडचा फरकही. चालकाच्या बाजूला गाडी थोडी खाली असणं नेहमीचं आहे.

मागे ‘कायम वजन’ म्हणजे काय धरायचं?

जे कधीच उतरत नाही ते. स्टीलची कॅनोपी, ड्रॉवर, जादा बॅटरी, फ्रिज. महिन्यातून दोनदा नेलेली खताची पोती यात येत नाहीत. मागच्या पाट्यांचे बहुतेक कंपन्या दोन-तीन दर्जे देतात, रिकाम्या गाडीसाठी, मध्यम वजनासाठी आणि कायम जड असणाऱ्यांसाठी. शेतकरी मित्र हमखास सर्वांत जड पाटे मागतात, कधीतरी माल भरायचा म्हणून. मग उरलेले दिवस रिकामी गाडी मागून उड्या मारते आणि ओल्या वळणावर मागचं चाक जमीन सोडतं. मध्यम पाटे घ्या.

आणि एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा. पाटे कितीही जड लावले तरी आरसी बुकात लिहिलेलं एकूण वजन वाढत नाही. चॅसी, ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक पूर्वीचेच असतात.

पुढे स्पेसर घातला तर काय बिघडतं? स्वस्तात काम होतं की.

स्पेसर म्हणजे शॉकअपच्या वर बसणारी धातूची किंवा कडक प्लास्टिकची चकती. शॉकअप आर्मच्या मधल्या भागाला जोडलेला असल्यामुळे २५ मिलिमीटरच्या चकतीनं चाकापाशी जवळजवळ दुप्पट उंची मिळते. इथेच फसगत होते. ‘५० मिलिमीटरचा स्पेसर’ मागणाऱ्याला खरोखर ५० ची चकती मिळाली तर गाडी चार इंच उचलली जाते.

उंची मिळते पण शॉकअप तोच राहतो, फक्त खाली सरकतो. चाक लोंबकळलं की ते आधीपेक्षा जास्त खाली जातं आणि बॉल जॉइंटवर ताण येतो. चाक वर आलं की बंपस्टॉप (चाकाची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा) लागण्याआधीच शॉकअपची दांडी आतून आपटू शकते. चकती शॉकअपच्या वर न बसवता स्प्रिंगवर दाब वाढवणारी असेल तर त्रास वेगळा. खाली जायची हालचालच संपते आणि स्पीडब्रेकर उतरताना चाक टोकाला जाऊन ‘टॅक’ असा आवाज येतो.

फक्त मागून उंच दिसणारी गाडी समपातळीत आणायला १०-१५ मिलिमीटरची चकती घातली तर फारसं बिघडत नाही. त्यापुढे स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही बदला.

मागे ब्लॉक टाकावा, शॅकल लांब करावा, पाटा वाढवावा की नवे पाटे घ्यावेत?

नवे पाटे, जमत असेल तर.

ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा टाकला की उंची मिळते, पण चढावर जोर लावताना ॲक्सलला फिरायला जास्त लांबीची तरफ मिळते, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात आणि मागून थडथड जाणवते. एकावर एक दोन ठोकळे रचलेली गाडी मी चालवायलाही घेणार नाही. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी. लांब शॅकलनं निम्मीच उंची मिळते, म्हणजे ५० मिलिमीटर लांब शॅकलला २५ मिलिमीटर, आणि ॲक्सलचा कोन बदलतो. जुन्या पाट्यांत एक पाटा वाढवणं ट्रकवाल्या मेस्त्रींना छान जमतं आणि स्वस्तही पडतं. पण जुने पाटे थकलेले असतील तर सगळा भार नव्या एकट्या पाट्यावर येतो. गाडीनं लाखभर किलोमीटर केले असतील तर पूर्ण संचच बदला.

कुठलाही मार्ग घेतला तरी पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे घ्या. एकदा पूर्ण ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो.

अप्पर आर्म बदलावे लागतात का?

४० मिलिमीटरपर्यंत सहसा नाही. ५० ला गाडीगणिक फरक पडतो. आधी किट बसवा, अलाइनमेंट करून घ्या आणि छापील रिपोर्ट हातात घ्या. त्यात कॅस्टरचा आकडा बघा. आर्म झुकले की कॅस्टर कमी होतो, आणि कॅस्टर म्हणजेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा कोन. तो कंपनीच्या मर्यादेत बसत नसेल, किंवा चाक लोंबकळल्यावर वरचा आर्म स्प्रिंगला घासल्याची चमक दिसत असेल, तर नवे आर्म घ्या. त्यांत बॉल जॉइंटचा कोन आणि कॅस्टर दोन्ही सुधारून दिलेले असतात.

लिफ्टनंतर गाडी एक्सप्रेसवेवर भटकते. स्टिअरिंग ढिलं झालंय का?

बहुधा वर सांगितलेला कॅस्टरच. नाक्यावरच्या दुकानात फक्त टो-इन (पुढची चाकं आतल्या बाजूला किती वळलेली आहेत ते माप) जुळवून ‘झालं’ म्हणतात. कॅम्बर (चाकाचा उभा कल), कॅस्टर आणि टो तिन्ही दाखवणाऱ्या मशीनवरच करून घ्या, आणि गाडीत नेहमीचं वजन ठेवून करा.

बॉडी लिफ्ट स्वस्त आहे. ती केली तर?

त्यात चॅसी आणि बॉडीच्या मध्ये गुटके टाकतात. गाडी उंच दिसते, मोठा टायर बसतो, पण चॅसी, चेंबर, ट्रान्सफर केस सगळं पूर्वीच्याच उंचीवर राहतं. पोट घासायचं ते घासतंच. शिवाय स्टिअरिंग शाफ्ट, गिअर लिव्हर, रेडिएटरचा काउल यांची मापं बिघडतात. मी सुचवत नाही.

लिफ्टबरोबर कोणत्या मापाचा टायर घ्यावा?

व्ही-क्रॉसचे जुने टायर २५५/६५ आर १७, नंतरचे २५५/६० आर १८. रिम वेगळी असली तरी दोन्हींचा बाहेरचा व्यास एकच, सुमारे ७६३ मिलिमीटर. २६५/७० आर १७ घेतला तर व्यास ८०३ च्या आसपास जातो, म्हणजे ॲक्सल आणि मागचा गोळा २० मिलिमीटर वर. गोळ्याखाली मिळणारी खरी वाढ ती हीच.

त्याची किंमतही मोजावी लागते. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ नं धावत असेल. चाक जड झाल्यानं गाडी वेग सावकाश पकडेल आणि ॲव्हरेजही उतरेल. पूर्ण स्टिअरिंग मारून रिव्हर्स घेताना टायर आतल्या प्लास्टिकला किंवा मडफ्लॅपला घासतो का ते बघावं लागेल. आणि खालच्या जागेत स्टेपनी बसते का हे टायर घेण्याआधी मोजा, नंतर कळून उपयोग नाही.

शॉकअप कोणत्या कंपनीचे चांगले?

ऑस्ट्रेलियात आणि थायलंडमध्ये या पिकअप प्रचंड चालतात, म्हणून चांगली किटही तिथलीच. एआरबीची ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, डॉबिन्सन्स, टफ डॉग ही ऑस्ट्रेलियन नावं, थायलंडची प्रोफेंडर, जर्मनीची बिल्स्टीन. यांच्यात डावं-उजवं करण्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. रबरी बुश आणि सील सुटे मिळतात का? आणि तुमच्या मॉडेल वर्षासाठीच ते बनवलेत का? भारतात विकली जाणारी व्ही-क्रॉस आणि परदेशातली नवी डी-मॅक्स या वेगळ्या पिढीच्या गाड्या आहेत. फक्त ‘डी-मॅक्स’ सांगून मागवलेलं किट भलतंच येतं.

प्रकार निवडायचा झाला तर वापर बघा. स्पितीतल्या किंवा कच्छच्या रणातल्या पत्र्यासारख्या लाटांच्या रस्त्यावर शॉकअप तासन्‌तास न थांबता हलतो, आतलं तेल तापतं, पातळ होतं आणि फेसाळतं. मग गाडी नुसती स्प्रिंगवर डोलते. अशा प्रवासासाठी जाड नळीचे फोम-सेल किंवा मोनोट्यूब शॉकअप उपयोगी. मोनोट्यूबची बाहेरची नळी हेच त्याचं सिलिंडर असतं, त्यामुळे दगडानं नळीला पोचा पडला तर दांडी अडकते. सह्याद्रीतल्या शनिवार-रविवारच्या भटकंतीला साधे गॅस भरलेले ट्विन-ट्यूब पुरेसे आहेत.

घाटात गाडी उलटण्याचा धोका वाढतो का?

वाढतो, आणि हे कोणी लपवू नये. चाकांमधल्या रुंदीच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीनं भागलं की स्थिरतेचा ढोबळ आकडा येतो. समजा रुंदी १५७० आणि गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटरवर आहे, तर तो १.१२ येतो. गुरुत्वमध्य ५० नं वर गेला की १.०५. या मर्यादेत सांभाळून चालवता येतं. पण याच गाडीच्या छतावर तंबू, त्यावर पाण्याचे कॅन आणि जादा स्टेपनी चढवली की हिशेब पार बदलतो. लिफ्ट केलेल्या गाडीत जड सामान हौद्यात, खाली आणि पुढे सरकवून बांधा. छतावर फक्त हलकं.

ब्रेकवर परिणाम होतो का?

दोन प्रकारे. ब्रेकचे होज आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जातात, म्हणून चाक पूर्ण लोंबकळतं ठेवून त्या तपासायच्या.

दुसरा प्रकार बहुतेक गॅरेजना माहीत नसतो. काही पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब वजनानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. तो चॅसीवर असतो आणि एका दांडीनं ॲक्सलला जोडलेला असतो. माल भरला, गाडी बसली, दांडी हलली की मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. लिफ्ट केल्यावर ॲक्सल आणि चॅसीतलं अंतर वाढतं आणि व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामी वाटते. भरलेली गाडी घाट उतरतानाही मागचे ब्रेक अर्धवट लागतात. तुमच्या गाडीला ही दांडी असेल तर तिचा ब्रॅकेट तेवढाच खाली घेऊन जुळवून घ्या. ही जुळणी राहिली असेल तर गाडी गॅरेजमधून बाहेर काढू नका.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेपेक्षा आणि आरसीतल्या नोंदींपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ च्या निकालात हेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘सगळेच करतात’ हे उत्तर चौकशीत चालत नाही. काम करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेम अडवायला पुरेसा ठरतो. वॉरंटीतल्या गाडीच्या मालकांनी शोरूमशी आधी बोलावं. सीव्ही जॉइंट किंवा बेअरिंग गेलं तर लिफ्टकडे बोट दाखवलं जाणारच.

पुढे स्टीलचा बुलबार लावायचा विचार असेल तर तोही सोडा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं बुलबार आणि क्रॅशगार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलेलं आहे. बुलबार नाही म्हणजे पुढे हलकी स्प्रिंगच लागते, हेही किट निवडताना धरा.

सिडनी-मेलबर्नकडे पिकअप चालवणाऱ्या मराठी मंडळींनी तिथल्या राज्याचा नियम बघावा. तिथे लिफ्टची मर्यादा मिलिमीटरमध्ये ठरवून दिलेली असते आणि तिच्यापुढे इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं.

फिटिंग करताना गॅरेजमध्ये उभं राहून काय बघू?

पाट्यांचे आणि आर्मचे बुश-बोल्ट कधी आवळतात ते. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना हे बोल्ट पक्के आवळले तर बुशचं रबर त्या स्थितीत चिकटतं. गाडी खाली उतरली की ते पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी हातानं बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून-मागून दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मगच टॉर्क रेंचनं आवळायचे. मेस्त्री एअर गननं सगळं एकदाच उरकत असेल तर नम्रपणे थांबवा.

हेडलाइटही खाली करून घ्या. लिफ्टनंतर पुढून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत प्रकाश जातो.

लिफ्टनंतर पहिल्या गिअरात निघताना खालून थरथर येते. काय असेल?

प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या ॲक्सलला ताकद पोहोचवणारी फिरती दांडी. तो दोन तुकड्यांचा असतो आणि मधल्या बेअरिंगवर टांगलेला असतो. चॅसीच्या मानानं मागचा ॲक्सल खाली गेल्यानं जोडांचे कोन बदलतात. मधलं बेअरिंग पातळ स्पेसर घालून थोडं खाली घेतलं की बहुतेकदा थरथर जाते. नाही गेली तर ॲक्सलचा कोन पाचरीनं सुधारावा लागतो. तशीच चालवत राहिलात तर युनिव्हर्सल जॉइंट आधी जाईल.

सगळे पैसे एकदम नाहीत. आधी काय करू, आणि नंतर काय तपासू?

आधी टायर, मूळ मापाचेच पण ऑल-टेरेन. मग चेंबर आणि ट्रान्सफर केसखाली जाड पत्र्याचं संरक्षण; लिफ्टपेक्षा स्वस्त आणि पहिल्याच दगडाला कामी येणारं. मग पुढे-मागे एकाच वेळी, एकाच कंपनीचं पूर्ण किट. पुढचं आज आणि मागचं दिवाळीनंतर असं करू नका, मधल्या काळात गाडीचा तोल आणि ब्रेक दोन्ही बिघडलेले असतात.

किट बसवल्यावर ५०० ते १००० किलोमीटरनंतर यू-बोल्ट आणि बाकीचे बोल्ट पुन्हा टॉर्कनं तपासा, नवी स्प्रिंग तोवर काही मिलिमीटर बसलेली असते. टेपनं चारही कोपरे पुन्हा मोजा, पहिल्या मापाशेजारी लिहा आणि त्यानंतर अलाइनमेंट आणखी एकदा करून घ्या.